बेगमीचा दिवस

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, 'काल काय केलंत?' की आपल्यापैकी अनेकजणी सहज सांगून जातात, 'काही नाही हो, घरीच होते.' या 'काही नाही'मध्ये काय काय असतं, ते आज पाहू या.

महिन्यातला एक रविवार मी बेगमीसाठी राखून ठेवते. सकाळ स्वयंपाकघराची. थालीपिठाच्या भाजणीसाठी ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे सगळं वेगवेगळं भाजावं लागतं. प्रत्येक दाण्याला लागणारा वेळ वेगळा. एकत्र भाजलं तर जिरं करपतं आणि डाळ कच्ची राहते. दुसऱ्या शेगडीवर कांदा-खोबरं परतून त्याचं वाटण होतं. ते पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याला झाकण लावू नये. वाफेचं पाणी होऊन खाली ठिबकतं आणि वाटण लवकर बिघडतं. छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवलं, की धावपळीच्या संध्याकाळी उसळ झटपट होते.

ऊन उतरलं की गॅलरीतल्या कुंड्या. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. कोथिंबिरीला मात्र आठ-दहा दिवस धीर धरावा लागतो. पेरण्याआधी धने हलक्या हाताने रगडून त्यांची दोन दलं करायची, कारण एका धण्यात दोन बिया असतात. कुंडीचं खालचं भोक बुजलेलं नाही ना, तेवढं पाहायचं. पाणी साचलं की मुळं कुजतात.

संध्याकाळी सुया आणि लोकर. स्वेटरला हात घालण्यापूर्वी नमुन्याचा एक चौकोन विणून टाके मोजणं अनेकांना कंटाळवाणं वाटतं. पण हिशोब बघा. दहा सेंटीमीटरमध्ये २२ ऐवजी २० टाके बसले, तर ११० टाक्यांची पाठ ५० ऐवजी ५५ सेंटीमीटरची होते. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर अंगावर लोंबायला लागतो.

म्हणजे या एका दिवसाचं फळ तीन वेगवेगळ्या वेळी मिळतं. डब्यातलं आठवड्याभरात, कुंडीतलं महिन्या-दीड महिन्यात आणि सुयांवरचं थंडीत. म्हणूनच त्या रात्री दाखवायला हातात काही नसतं आणि तोंडातून 'काही नाही' निघून जातं.

पण माझ्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. यातलं छंद किती आणि बिनपगारी काम किती? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटं वाचली खरी, पण पुरुषांचा वाटा वाढला म्हणून नव्हे!

विणकाम मी हौसेने करते. आज सुया हातात घेतल्या नाहीत तर कुणाचं अडत नाही. वाटण केलं नाही तर मात्र बुधवारी अडतं, आणि ते सगळ्यांचं अडतं. ज्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं, ते काम एकटीचा छंद कसं म्हणायचं?

तेव्हा बेगमीचा दिवस जरूर ठेवा, पण तो घराचा ठेवा. एकाने धान्य भाजावं, दुसऱ्याने गिरणीतून दळून आणावं, मुलांनी धने रगडावेत, डबे पुसून कोरडे करावेत. चार जणांत ते काम दुपारपर्यंत उरकतं. उरलेल्या वेळात कुणी विणेल, कुणी पुस्तक वाचेल, कुणी नुसतंच आडवं होईल. तेही चालेल.