दहा बाय चौदाचा ऐसपैस हॉल

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात आपल्याच एका सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

सेक्रेटरी साहेबांनी विषय दिला, ‘लहान हॉल मोठा आणि सुंदर कसा दिसेल?’ बाहेर हा विषय बोलायला मला सोपा जातो. इथे जरा अवघड आहे, कारण आपल्या सगळ्यांचा हॉल एकच आहे! दहा फूट बाय चौदा फूट. दारातून आत आलं की उजव्या हाताला स्वयंपाकघर, पुढे बेडरूमचा बोळ, आणि समोरच्या भिंतीत खिडकी नि बाल्कनीचं दार. तुमच्यापैकी कुणीही माझ्या घरात डोळे मिटून चालू शकेल. म्हणजे मला काही लपवायची सोय नाही. तेव्हा माझ्याच घरापासून सुरुवात करते.

आपण राहायला आलो तेव्हा मी इंटिरियरचा कोर्स नुकताच पूर्ण केला होता. दोन वर्षांत चार पैसे जमले आणि मी स्वतःचा हॉल करायला घेतला. ‘एल’ आकाराचा सोफा, मध्ये काचेचा टीपॉय, एका भिंतीला पूर्ण शोकेस, वर पीओपीचं सीलिंग आणि त्यात लपवलेले दिवे. जुन्या सभासदांना आठवत असेल, बघायला बरेच जण आले होते. दोघातिघांनी तर तसंच करून घेतलं. त्यांची आज मी जाहीर माफी मागते.

त्या हॉलमध्ये आधी आमच्या सासऱ्यांचा, आप्पांचा, दिवाण होता. सहा फूट लांब, जुना, सागवानी. नव्या रचनेत तो बसेना, म्हणून विकला. आप्पांना फोल्डिंगची खाट आणली. रात्री हॉलमध्ये उघडायची, सकाळी बेडरूमच्या दारामागे ठेवायची. आप्पा काही बोलले नाहीत. हळूहळू ते दिवसभर खाली वॉचमनजवळ बसायला लागले. आम्हाला वाटलं, बरं झालं, चार ओळखी झाल्या, वेळ जातो. मग एका जुलैत, धो धो पाऊस पडत असताना, मी कामावरून आले तर आप्पा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पायरीवर बसलेले. म्हटलं, “आप्पा, इथे का? वर का नाही गेलात?” म्हणाले, “वर पाहुणे असतील असं वाटलं.”

पाहुणे नव्हतेच. पण माझा हॉल चोवीस तास पाहुण्यांसाठी मांडून ठेवल्यासारखा दिसत होता हे खरं. त्या रात्री मी टेप घेऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून हिशोब केला. आज सांगणार आहे तो तोच हिशोब.

हॉलची रुंदी दहा फूट. शोकेसची खोली दीड फूट, सोफ्याची तीन, टीपॉय दोन, आणि सोफा-टीपॉयमध्ये पाय ठेवायला दीड. झाले आठ. उरले किती? दोन फूट. या दोन फुटांतून माणसाने ट्रे घेऊन जायचं, मुलाने दप्तर घेऊन जायचं. चालायच्या वाटेला किमान अडीच फूट लागतात, तीन असले तर उत्तम. आता शोकेस काढा. टीव्ही भिंतीवर, खाली दहा इंचांची एक फळी. सोफा अडीच फूट खोलीचा घ्या, तो बसायला पुरेसा होतो. टीपॉयऐवजी एकात एक जाणारी दोन स्टुलं. बेरीज जेमतेम साडेतीन फूट. म्हणजे मधे साडेसहा फूट मोकळे! भिंत पाडली नाही, काही नाही. जागा तिथेच होती, आपणच तिच्यावर सामान ठेवलं होतं.

म्हणून पहिली सूचना: काही विकत घेण्याआधी रविवारी सकाळी जुनी रद्दी काढा. जो सोफा मनात आहे त्याच्या मापाचे कागद चिकटवून जमिनीवर अंथरा आणि दिवसभर तसंच राहा. संध्याकाळपर्यंत कागदावर किती पाय पडले ते बघा. दुकानात सोफा नेहमी लहान वाटतो, कारण दुकानाचा हॉल दहा बाय चौदाचा नसतो.

दुसरं, जमीन दिसू द्या. जितकी फरशी नजरेला दिसते तितकी खोली मोठी वाटते. पाय असलेला सोफा घ्या, खालून फरशी दिसते आणि झाडूही जातो. आपल्याकडे जुन्या वाड्यांत बैठक कशी असायची? गादी, लोड, तक्के, सगळं खाली. भिंतीत कोनाडे, खुंट्या. खोली फार मोठी नसली तरी ऐसपैस वाटायची, कारण डोळ्याच्या उंचीला अडवणारं काही नसायचं. तेच तत्त्व. उंच सामान एकाच भिंतीला, तेही दाराच्या बाजूला. खिडकीकडे जाल तसं सामान बुटकं होऊ द्या. चार छोटी कपाटं चार कोपऱ्यांत ठेवण्यापेक्षा छतापर्यंत जाणारं एकच कपाट, भिंतीच्याच रंगाचं, कमी जागा खातं आणि जास्त पोटात घेतं.

तिसरं, उजेड. आपल्या हॉलला खिडकी एकाच बाजूला. आणि आपण काय करतो? ग्रिलमध्ये रिकाम्या बाटल्या, मोडकी सायकल, कुंड्यांवर कुंड्या! तेवढं काढलंत तरी निम्मं काम झालं. पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीवरच लावू नका. तो वर, छताच्या जवळ, आणि दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच जास्त घ्या. पडदा बाजूला केला की पूर्ण काच उघडी राहते, आणि पडदा जमिनीपर्यंत आला की भिंत उंच दिसते. आरसा लावायचा तर खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर, म्हणजे आकाश दिसेल. दारासमोर लावलात तर चपलांचं कपाट दोनदा दिसेल! रात्री एकच पांढरीफटक ट्यूब नको. ट्यूब असू दे, पण एका कोपऱ्यात पिवळसर उजेडाचा दिवा आणि वाचायच्या जागी एक, असे वेगवेगळ्या बटणांवर घ्या. कोपरे अंधारात राहिले की खोली आक्रसते.

रंग फिकाच हवा असं नाही, पण छत पांढरं आणि तीन भिंती एकाच फिक्या रंगाच्या ठेवा. हौस चौथ्या भिंतीवर करा. आणि सुंदर दिसणं म्हणजे महाग दिसणं नव्हे. शोकेसमध्ये ऐंशी वस्तू ठेवल्या की एकही दिसत नाही. आजीचा पितळेचा घंगाळ, आईच्या जुन्या पैठणीचा पदर चौकटीत, मुलीने काढलेलं चित्र, यांतली एकच गोष्ट मोकळ्या भिंतीवर ठेवून बघा. येणारा माणूस तिच्याविषयी विचारतोच.

आता काय करू नये ते. मी केलेलं पीओपीचं सीलिंग. आपली उंची साडेनऊ फूट, त्यातले सहा इंच गेले. पंखा डोक्यावर आल्यासारखा वाटायचा. त्याहून वाईट म्हणजे वरच्या स्लॅबला पावसाळ्यात ओल धरत होती, ती दोन वर्षं दिसलीच नाही. सीलिंग फुगलं तेव्हा कळलं.

दुसरी हौस, जुन्या फरशीवरच दीड इंच माल टाकून नवी टाइल. फक्त हॉलपुरता हिशोब केला तरी सव्वा टनाच्या आसपास वजन वाढतं. म्हणजे अठरा-वीस माणसं हॉलमध्ये कायमची उभी केल्यासारखं. एकाने केलं, वरच्याने केलं, त्याच्या वरच्याने केलं, की सगळं वजन तळमजल्याच्या कॉलमवर. आणि हॉल मोठा करायला बाल्कनीची भिंत काढणं, बीमला चर पाडणं, हे तर बोलूच नये. आदर्श उपविधींनुसार अंतर्गत बदलांना सोसायटीची परवानगी लागते, आणि पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं. आपण त्याच वयोगटात आहोत. कमिटी विचारते तेव्हा राग येऊ देऊ नका. तुमच्या हॉलचं छत ही दुसऱ्या कुणाच्या तरी हॉलची जमीन आहे.

शेवटचं. हॉल जमला की नाही याची परीक्षा गणपतीत होते. मखर कुठे बसेल, आरतीला पंधरा माणसं कुठे उभी राहतील? बारशाला पाळणा कुठे टांगणार? हळदीकुंकवाला आलेल्या बायका कुठे बसतील? म्हणून जड, भिंतीला ठोकलेलं सामान कमीत कमी ठेवा. दोघांनी उचलून अर्ध्या तासात हॉल रिकामा करता आला पाहिजे. आमच्या शोकेसच्या दिवसांत गणपती बेडरूममध्ये बसला होता, आणि आरतीला माणसं बोळात उभी होती.

त्या जुलैनंतर दिवाळीच्या आत मी शोकेस आणि ‘एल’ सोफा दोन्ही काढले. सुताराकडून खिडकीखाली अठरा इंच उंचीचा, अडीच फूट रुंदीचा दिवाण करून घेतला. खाली दोन खण, त्यांत आप्पांची पांघरुणं आणि पुस्तकं. सहा फुटांचा दिवाण ठेवूनही बाल्कनीच्या दाराला चार फूट मोकळे राहिले. म्हणजे आधी अडचण म्हणून जो पलंग काढला तो परत आला, आणि हॉल आधीपेक्षा मोकळा झाला! पहिल्या दिवशी आप्पा त्यावर बसले, खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाले, “इथून फाटक दिसतं.” बास, एवढंच. त्यानंतर ते नऊ वर्षं होते. वॉचमनकडे जायचे, पण तासाभराने वर यायचे.

तुमच्या घरी मापं घेताना टेप भिंतीला लावण्याआधी एक विचारा: या घरातलं प्रत्येक माणूस दुपारी तीन वाजता हॉलमध्ये कुठे बसणार? सगळ्यांची जागा सापडली की मग सोफ्याचा रंग ठरवा. ज्यांना मापं घ्यायला मदत हवी असेल त्यांनी हक्काने बेल वाजवा. टेप माझी, रद्दी तुमची.