मुलींना थांबू द्या



महिला महाविद्यालयाच्या फलकावर पुढील आठवड्याचे कार्यक्रम लागले आहेत. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, मग वक्तृत्व स्पर्धा, क्रीडा, स्नेहसंमेलन. आपल्या मुली मात्र तास संपताच बस गाठतात. घरूनच तशी ताकीद असते. स्नेहसंमेलनाचे तुम्ही ठरवा, पण वक्तृत्वाला त्यांना थांबू द्या. १९४२ साली नागपूरच्या ज्या दलित महिला परिषदेत बाबासाहेब बोलले, तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या.

फलकाच्या तळाशी शिष्यवृत्ती-अर्ज शिबिराची बारीक ओळ आहे. ती कुणी वाचत नाही! शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते, हे बँकेच्या खिडकीवर मी नेहमी सांगतो. शिबिराला जाताना पासबुक, आधार कार्ड आणि जातीचा दाखला सोबत न्या.