स्वागताध्यक्षीय भाषण: बाटली काठावरच भरायची



उत्तरेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा अशी आमच्या यवतमाळ जिल्ह्याची शीव नद्यांनीच आखली आहे. मधे बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, निर्गुडा. एवढ्या नद्या नावावर असूनही 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, आणि यवतमाळ शहरानं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून रात्री काढल्या. पाणीटंचाई इथल्या पोरांना शिकवावी लागत नाही. तिच्यामागचं शास्त्र मात्र शिकवावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आदेशानं पर्यावरण विषय वर्गात आला. विद्यापीठ अनुदान आयोगानं या विषयाच्या 50 तासिकांपैकी 5 क्षेत्रभेटीसाठी राखल्या. पुढचं तुम्ही जाणताच: प्रकल्पवह्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागल्या!

खरी क्षेत्रभेट मात्र नदीकाठीच होते; पाण्याचा नमुना कॉलेजात आणून सावकाश तपासू, असं म्हणून भागत नाही. विरघळलेल्या प्राणवायूचंच घ्या. बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न राहू देता भरायची. तिथंच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून बूच लावायचं. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे; पांढराच राहिला तर मासळीचं काही खरं नाही. हे काठावर केलं नाही, तर एसटीतून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उत्तर बदलतं. दगडही तिथंच उलटून बघावा लागतो. स्वच्छ, वाहत्या पाण्यात त्याच्या पोटाशी मेफ्लाय किड्याच्या तीन शेपट्यांच्या अळ्या चिकटून असतात. सांडपाण्याच्या गाळात बहुधा लाल अळ्याच उरतात.

माझा आग्रह एकच आहे. नदीवर एकाच जागी वर्षभर जा. पावसाळा सरल्यावरची एकुलती भेट म्हणजे सहल. मे महिन्यात पात्र कोरडं असेल तर तारीख टाकून ‘कोरडं’ असंच लिहा. आमच्या नद्यांची अर्धी हकिकत त्या नोंदीतच आहे. केळापूर, झरी जामणी तालुक्यांतल्या शिक्षकांनी गावातल्या हातपंपाचं पाणीही तपासावं. त्या पाण्यातलं फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, मुलांच्या दातांवर मात्र उमटतं.

उद्या सकाळी साडेसहाला बस वाघाडी नदीकडे निघेल. जुन्या चपला घाला, पाण्याची बाटली घ्या. आज जेवणात पातोडीचा रस्सा आहे. तिखट बेतानं घाला, असं आचाऱ्याला बजावलं आहे. तो ऐकेल याची हमी स्वागत समिती देत नाही.