शिधा संपल्यानंतर काय?

(बार्शी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



संघर्षाने उद्ध्वस्त झालेल्या समाजाची पुनर्बांधणी म्हटली की आपल्याला दूरचे देश आठवतात. बार्शीकरांना इतके दूर जाण्याचे कारण नाही. १९४८ साली आपला तालुका मुंबई प्रांतात होता, आणि लगतच निजामाचा उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव, सुरू होत होता; लातूरही त्याच जिल्ह्यात मोडे. बार्शीहून लातूरला जाणारी आपली छोटी रेल्वे ही सरहद्द ओलांडूनच जाई. रझाकारांच्या जुलमामुळे घरदार सोडलेली माणसे इकडे आली, त्यांना आसरा मिळाला. त्याचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो योग्यच आहे.

परंतु या कथेचा उत्तरार्ध आपण सांगत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाने शरणागती पत्करली, आणि पुढच्या काही आठवड्यांत गावोगावच्या सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. पण त्याच्या कृत्यांची किंमत मोजली ती ज्यांनी कधी हाती शस्त्र धरले नव्हते अशांनीही. केंद्र सरकारच्या वतीने गेलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीस व डिसेंबरात सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना बसली होती. हा अहवाल पुढे कित्येक दशके सरकारने प्रसिद्ध केला नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला येथे एक भेद करावासा वाटतो. दुष्काळात धान्य पुरविले की माणूस पुढच्या पावसापर्यंत तग धरतो, आणि पाऊस आला की त्याचे शेत त्याचेच असते. दंगलीनंतर तसे नसते. शिधा संपतो त्या दिवशी त्याच्या शेतात दुसऱ्याचा नांगर चालू असतो, माग मोडलेला असतो, दुकानाला दुसऱ्याचे कुलूप असते. म्हणून मदतीचा प्रश्न हा प्रथम ताब्याचा आणि मालकीचा प्रश्न आहे. धान्य व कांबळी वाटणे सोपे, त्याची छायाचित्रेही चांगली येतात. कब्जा परत मिळवून देणे म्हणजे गावातल्या बलवानांशी वैर घेणे. आणि जे घडले त्याचा अहवालच दडवला गेला, तर हक्क मागायला निघालेल्या विधवेने कोणता कागद पुढे करावा?

त्याच अहवालात एक नोंद आहे, तिच्याकडे आपल्या चळवळीने पुरेसे लक्ष दिलेले नाही. एका धंद्यातली माणसे एकमेकांच्या आड उभी राहिली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू जमावापासून वाचविले, आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. मला तर पुनर्वसनाची खरी जागा येथेच दिसते. पीडितांची निराळी वसाहत बांधणे देणगीदारांना सोयीचे असते, पण त्यामुळे फाळणी विटांमध्ये पक्की होते. उलट सूत, भांडवल आणि बाजार दोघांना एकाच संस्थेतून मिळू लागला, तर शेजार पुन्हा गरजेचा होतो. रवांडात १९९४ च्या वंशसंहारानंतर माराबा येथील कॉफी उत्पादकांनी १९९९ मध्ये सहकारी संस्था काढली. विद्यापीठ व परदेशी साहाय्य यांतून तिला कॉफी धुण्याचे केंद्र मिळाले. संहारात वैधव्य आलेल्या स्त्रियाही तिच्या सभासद झाल्या. त्यांच्या हाती दानाऐवजी मालाचा भाव आला. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड वाटू नये. मात्र आपल्या सहकाराचा ताबा कोणाकडे गेला, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे इतकेच, की कोठेही दंगल झाली तर पहिल्या आठवड्यातच तेथे वही घेऊन जा. गट नंबर, जनावरे, माग, अवजारे, सावकाराचे देणे हे सारे साक्षीदारांच्या सह्यांसह लिहून घ्या. पंचनाम्याची वाट पाहू नका. आणि १९४८ आठवणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. परांडा, भूम, कळंब, वैराग येथे ती अजून भेटतील. दिवाळीच्या सुट्टीत दोघादोघांनी त्यांच्याकडे जावे, आणि कथेचे दोन्ही भाग विचारावेत.