जाळ आणि धग



 या परिषदेसाठी कोल्हापुरात येताना वाटेत तुम्हाला शिजत्या उसाच्या रसाचा वास आला असेल. गुऱ्हाळं सुरू आहेत. उष्णतेचं आणि प्रवाहाचं संगणकावर सिम्युलेशन करणाऱ्यांनी जमावं, तर ते याच दिवसांत आणि इथंच, असा माझा आग्रह होता. त्याचं कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीनं गुऱ्हाळाच्या चुलवाणाचं मॉडेल केलं. काहिलीखालची पोकळी, चिपाडांचा जाळ, धुराड्याकडं ओढला जाणारा धूर, सगळं छोट्या घरांच्या बारीक जाळीत बसवलं. पडद्यावर तांबड्या-निळ्या रंगांचं फार देखणं चित्र आलं. मी मार्गदर्शक, मीही हरखलो. मग आम्ही घड्याळ आणि तापमान मोजायचं थर्मोकपल घेऊन करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर दिवसभर बसलो. आमच्या हिशेबाच्या कितीतरी आधी रसाला उकळी फुटली! चुलवाणाच्या तोंडाशी चिपाड सारणारे मामा म्हणाले, ‘‘सर, जाळ लांबच असतोय, पण धग आधी पोचती की.’’

चूक तिथं सापडली. गरम वायूंनी वाहून नेलेली उष्णता आम्ही धरली होती, प्रारण, म्हणजे जाळापासून थेट पोचणारी धग, सोडून दिलं होतं. केल्विनमधलं तापमान दुप्पट झालं, तर प्रारण सोळापट होतं. भट्टीत ते वगळून कसं चालेल? पण संगणकानं तक्रार केली नाही. अपुऱ्या समीकरणांचंही चित्र तितकंच सुंदर येतं.

हा धोका आपल्या विद्येच्या पायाशीच आहे, आणि तो ओळखून वाट काढणाऱ्यांत आपले सुहास पाटणकर आहेत. पुण्यात जन्मलेले, तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवी घेतलेले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग यांच्याबरोबर त्यांनी १९७२ मध्ये जी पद्धत मांडली, ती ‘सिंपल’ नावानं आज जगभर वापरली जाते. अडचण अशी, की प्रवाहाचा वेग काढायला दाब लागतो, पण दाबासाठी वेगळं समीकरण हाताशी नसतं. म्हणून दाबाचा अंदाज धरायचा, त्यावरून वेग काढायचा, आणि जाळीच्या प्रत्येक घरात आत आलेलं आणि बाहेर गेलेलं वस्तुमान जुळतं का ते पाहायचं. जुळलं नाही, तर त्या फरकावरून दाब सुधारायचा आणि पुन्हा हिशेब मांडायचा. त्यातही दाब आणि वेग जाळीच्या एकाच बिंदूवर ठेवले, तर बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक कमीजास्त झालेला दाबही समीकरणांना सपाट वाटू शकतो. म्हणून वेग घरांच्या भिंतींवर ठेवायचा. पाटणकरांचं १९८० चं पुस्तक मी आजही विद्यार्थ्यांच्या हाती देतो, कारण त्यात प्रत्येक गणिती पायरीला भौतिक अर्थ विचारलेला आहे.

तोच प्रश्न या तीन दिवसांत एकमेकांना विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. म्हणूनच प्रत्येक पोस्टरवर चित्राशेजारी प्रत्यक्ष मोजलेला एक तरी आकडा हवा, आणि जाळी बारीक केल्यावर उत्तर किती बदललं तेही हवं, अशी अट आम्ही घातली. काहींना ती जाचक वाटली. तरीही तुम्ही ती पाळलीत, त्याबद्दल मी ऋणी आहे.

राहण्या-जेवणात काही उणं राहिलं, तर हक्कानं सांगा. परवा सकाळी सातला बस त्याच गुऱ्हाळावर जाईल. थर्मोकपल आम्ही घेतोय. मामा अजून चुलवाणापाशीच असतात. त्यांच्याशेजारी थोडा वेळ उभे राहा.