एका टक्क्याचा फरक: हरत आलेलं सरकार परत कसं येतं?

आजचा भाग मी घरून, म्हणजे मालगुंडहून रेकॉर्ड करतोय. मे महिना आहे, पडवीत आंब्यांच्या पेट्या भरायचं काम चालू आहे. मागून मध्येच कोणाची हाक ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आज मला एक जुना हिशोब चुकता करायचाय. जुने श्रोते आठवत असतील, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे विधानसभा निवडणुकीआधी, मी याच माइकवर ठामपणे सांगितलं होतं की महायुतीचं सरकार जाणार. 'लागेल' नाही, 'वाटतंय' नाही. जाणार! २३ नोव्हेंबरला निकाल लागला. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. एकूण २३०. महाविकास आघाडीचे तीन मुख्य पक्ष मिळून ४६. तुमचे मेसेज आले, मीम्स आले, आणि मी पुढचे दोन भाग मोबाईलच्या बॅटरीवर केले. पळ काढला, दुसरं काय!

तर आज उत्तर देतो. माझं कुठे चुकलं, आणि अडचणीत आलेलं सरकार परत येणार की नाही हे पुढच्या वेळी आपण कसं ओळखायचं.

आधी माझी पद्धत सांगतो. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला होता. ४८ पैकी महाविकास आघाडी ३०, महायुती १७, आणि सांगलीत अपक्ष विशाल पाटील. सरकारचं पार कंबरडं मोडल्यासारखं वाटत होतं. लोकसभेची मतमोजणी विधानसभा मतदारसंघांनुसार होते, म्हणजे कोण कुठे पुढे होता ते कळतं. मी ते आकडे शीटमध्ये भरले. आघाडी बहुमताच्या १४५ च्या वर जात होती. आपल्याकडचंच बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून नारायण राणे निवडून आले, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही मतदारसंघांत, म्हणजे चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूरमध्ये, विनायक राऊत पुढे होते. राणेंना तारलं सिंधुदुर्गाने. म्हणून मी आमच्या मतदारसंघासमोरसुद्धा लाल रंग भरून टाकला होता.

त्यात ऑगस्टमध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. कोकणात लोक किती चिडले होते ते मी स्वतः ऐकलंय. मला वाटलं, संपलं.

आता चूक सांगतो. मी जागा मोजल्या, मतं नाही. ३० विरुद्ध १७ हा आकडा डोळ्यांत भरतो. पण त्याच निवडणुकीत राज्यभर दोन्ही बाजूंच्या मतांमध्ये एका टक्क्याचाही फरक नव्हता. हो, एक टक्कासुद्धा नाही! आपल्या पद्धतीत थोडी मतं इकडची तिकडे झाली की जागा धडाधड पडतात. ज्याला मी पराभव समजत होतो, ती मतांच्या हिशोबात जवळपास बरोबरी होती.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. मला इतिहास माहीत असता तर कळलं असतं. चला २००४ मध्ये. तेव्हा मी बालवाडीत होतो, त्यामुळे हे सगळं नंतर वाचलेलं आणि घरच्यांकडून ऐकलेलं. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार, मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे. मे महिन्यात लोकसभेचा निकाल लागला. दिल्लीत वाजपेयींचं सरकार पडलं, 'इंडिया शायनिंग' बुडालं, पण महाराष्ट्रात मात्र युतीच पुढे होती. भाजप १३, शिवसेना १२, म्हणजे ४८ पैकी २५. राज्यातलं सरकार मागे पडलेलं. मतं बघाल तर तिथेही दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत.

मग सरकारने काय केलं? शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. ऑक्टोबरमध्ये विधानसभेचं मतदान झालं. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९. शिवसेना ६२, भाजप ५४. सरकार वाचलं. आणि गंमत बघा, आमच्या रत्नागिरीत तेव्हा राष्ट्रवादीकडून उदय सामंत पहिल्यांदा आमदार झाले, समोर होते भाजपचे बाळ माने. वीस वर्षांनी पुन्हा तीच जोडी समोरासमोर! फक्त चिन्हं बदललेली. सामंत शिंदेंच्या शिवसेनेत, माने ठाकरेंच्या. सामंत चाळीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले. माझ्या शीटमधला लाल रंग तसाच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, योजना जाहीर करायची आणि जिंकायचं? इतकं सोपं असतं तर २०१४ मध्ये पृथ्वीराज चव्हाणांचं सरकारही वाचलं असतं. तेव्हा लोकसभेत काँग्रेसला २ आणि राष्ट्रवादीला ४ जागा मिळाल्या. समोर भाजप २३, शिवसेना १८. त्यानंतर सरकारने मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण जाहीर केलं. मोठा निर्णय होता. पण ऑक्टोबरमध्ये काँग्रेस ४२ आणि राष्ट्रवादी ४१ वर आली. का?

मी या तीन निवडणुका शेजारी शेजारी ठेवल्या आणि तीन प्रश्न काढले. लिहून ठेवा, पुढे कामाला येतील.

पहिला प्रश्न: सरकार मतांमध्ये किती मागे आहे? २००४ आणि २०२४ मध्ये फरक नावापुरता होता. २०१४ मध्ये तो इतका मोठा होता की चार महिन्यांत भरून निघणं शक्यच नव्हतं.

दुसरा प्रश्न: जे जाहीर केलं ते मतदानाआधी घरात पोचलं का? विजेचं बिल घरात येतं. दीड हजार रुपये खात्यात येतात. आरक्षणाचा फायदा मिळायला कॉलेजचे प्रवेश, नोकरभरती, कोर्ट अशा सगळ्या पायऱ्या असतात. चार महिन्यांत तो कोणाच्या हातात पडणार?

तिसरा प्रश्न: घर एकत्र आहे का? २०१४ मध्ये ऐन निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगळे झाले, राज्यात राष्ट्रपती राजवट लागली. २०२४ मध्ये महायुतीतही रुसवेफुगवे होते, पण तिघे एकत्र लढले. उलट आघाडीत कोणती जागा कोणाला आणि मुख्यमंत्री कोण, यावरच घोळ चालला होता.

अर्थात हे तीन प्रश्न म्हणजे सगळं नव्हे. जातीची गणितं, घोषणा, पैसा, हे होतंच. मतदानही २०१९ च्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. विरोधकांनी मतदार यादीत वाढलेल्या नावांवर बोट ठेवलं, निवडणूक आयोगाने ते आरोप फेटाळले. तो वाद अजून चालू आहे, त्यावर वेगळा भाग करू.

पण माझी खरी चूक यातली कुठलीच नाही. ती सांगायला जड जातंय.

जुलै २०२४ मध्ये मी इथेच होतो, वर्क फ्रॉम होम. लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरणं चालू होतं. २१ ते ६५ वयाच्या बायका, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना दीड हजार. माझ्या पगारामुळे आमची आई त्यात बसत नव्हती. पण वाडीतल्या चौदा जणींचे फॉर्म मी माझ्या फोनवरून भरले. ओटीपीसाठी रेंज मिळेना म्हणून आम्ही वरच्या रस्त्यावर जाऊन उभे राहायचो, भर पावसात, छत्र्या घेऊन. ऑगस्टमध्ये शेजारच्या काकींच्या खात्यात पहिले पैसे आले. त्यांनी मला फोन केला. "बाबू, माझ्या नावावर आले रे. माझ्या नावावर!" दोनदा सांगितलं त्यांनी.

मी हे ऐकलं, खूश झालो, आणि दोन महिन्यांनी शीट उघडून सांगितलं की सरकार जाणार. राज्यात दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात पैसे जात होते, त्यातल्या चौदा मला नावानिशी माहीत होत्या. आणि माझ्या शीटमध्ये त्यांच्यासाठी एक कॉलमसुद्धा नव्हता. बीटेक झालेल्या माणसाने करायची चूक आहे का ही?

निकालानंतर मी काकींना हळूच विचारलं, "काकी, मत पैशासाठीच दिलंत का?" त्या म्हणाल्या, "पैसे सरकारचे, मत माझं. कोणाला दिलं ते तुला कशाला सांगू?" बरोबरच आहे. म्हणून चौदाही जणींनी महायुतीलाच मत दिलं असं मी म्हणणार नाही. मला फक्त एवढंच दिसायला हवं होतं, की त्यांच्यासाठी निवडणुकीचा विषय बदललाय.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो महत्त्वाचा. २००४ ची मोफत वीज आठवते ना? सरकार परत आलं आणि २००५ मध्ये ती सवलत गेली. २०२४ च्या प्रचारात दीड हजारांचे २१०० करू म्हणाले होते. २०२५ च्या मार्चचा अर्थसंकल्प आला, २१०० आले नाहीत. काकी मला विचारतात, "कधी वाढणार रे?" जणू मीच अर्थमंत्री! आणखी एक योगायोग सांगतो. दोन्ही वेळा सरकार ज्यांनी वाचवलं ते मुख्यमंत्री शिंदे, आणि दोन्ही वेळा जिंकल्यावर खुर्ची दुसऱ्याला मिळाली. तेव्हा विलासराव देशमुख, आता देवेंद्र फडणवीस.

म्हणजे सरकार आपलं सगळ्यात जास्त कधी ऐकतं? हरायची भीती असते तेव्हा. ते चार-पाच महिने आपले असतात. २३० आमदार निवडून आल्यावर ती भीती उरत नाही.

६ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या. आमच्या रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्येच संपली होती, तेव्हापासून प्रशासक होता. तीन वर्षं गावचा रस्ता, पाणी, शाळेचं छप्पर यासाठी पकडायला जिल्हा परिषदेत आपला निवडलेला माणूसच नव्हता. तेव्हा उमेदवार दारात आला की 'कोण जिंकणार' हे मला विचारू नका, माझा रेकॉर्ड तुम्हाला माहीतच आहे. त्याला विचारा, मतदानाआधी काय करून दाखवतोस आणि नंतर काय टिकवणार आहेस. उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

काकी हाक मारतायत, पेट्या उचलायच्यात. भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावात काय चाललंय ते कळवा. काळजी घ्या!