बिऱ्हाड मांडणारी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील स्मृतिसभेत केलेले भाषण)



आमच्या पत्नीच्या निधनास या महिन्यात एक वर्ष झाले. तिच्याविषयी दोन शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. सरकारी टिपणे लिहिण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हा विषय अवघड जातो. म्हणून आरंभी तिच्या आवडत्या लेखिकेचे बोट धरतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. बालवयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. पती कवी, वृत्तीने उदार. परंतु एका गावी, एका नोकरीत स्थिरावणारे नव्हेत. त्यामुळे बाईंचा संसार सदैव गाठोड्यात. आपल्या या छत्तीसगडातील राजनांदगावीही त्यांचे बिऱ्हाड होते. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तोही पत्नीस न विचारता. ताटातुटीची काही वर्षे सोसून, मुलाला घेऊन बाई नगरास पतीकडे आल्या. प्रथम सोवळे सांभाळले. मग स्वतः विचार करून जातिभेद टाकला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय मात्र सर्वस्वी त्यांचा होता.

आमची पत्नी म्हणे, “अहो, एवढं सोसलं, पण बाई कुठं रडगाणं गात नाहीत बघा. उलट आपल्यालाच हसवतात.”

आमच्या २८ वर्षांच्या नोकरीत ८ बदल्या झाल्या. हुकूम आला की रात्री जेवताना आम्ही तो सांगत असू. ती ‘नको’ कधी म्हणाली नाही, “मुलांची शाळा कुठली?” एवढेच विचारी. सामान बांधताना मिसळणाचा डबा सर्वांत शेवटी बांधी, म्हणजे नव्या घरी तो प्रथम हाती येई. सासूबाईंनी दिलेले पुरणयंत्र जुन्या लुगड्यात गुंडाळून ती स्वतःजवळ ठेवी. परक्या गावची भाषा भाजीवालीकडून ती आमच्याआधी शिके. घरात मात्र मराठीच, हा तिचा दंडक. दर रविवारी मुलांनी आजीला मराठीत पत्र लिहिल्याखेरीज त्यांना खेळावयास जाता येत नसे. आज आमची मुले मराठी वाचतात, ते श्रेय तिचे; आमचे नव्हे.

आता एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगताना संकोच वाटतो.

दिवसकार्य आटोपल्यावर तिच्या ट्रंकेत एक वही सापडली. पहिल्या पानावर आमच्या आठही घरांची नावे क्रमाने लिहिलेली. पुढे पहिल्या घराची आठवण, दीड पान. वाक्य अर्धेच राहिलेले, आणि त्याखाली आमच्या हस्ताक्षरात वाण्याची यादी: साखर पाच किलो, तूरडाळ दोन किलो. ती सायंकाळ आम्हांस आठवली. ती काही लिहीत बसली होती. आम्ही वही ओढून घेतली आणि म्हणालो, “हे राहू दे, आधी यादी करू.” ती काही बोलली नाही. पुढे तिने लिहिलेही नाही.

लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. परंतु पतीने त्यांना अक्षर शिकविले, आणि उतारवयात मुलाने आठवणी सांगण्याचा आग्रह धरला. म्हणून ते पुस्तक आपल्या हाती आले. आमच्या घरात आम्ही बी. ए., मुले पदवीधर. तरी तिला ‘लिही’ असे कोणी म्हटले नाही.

या स्मरणिकेत ५० वर्षांतील अध्यक्षांची नामावली येईल, आणि ते योग्यच आहे. पण मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात मोदक कोणी वळले, परगावाहून आलेल्या नव्या बिऱ्हाडास पहिल्या दिवशी जेवणाचा डबा कोणी पोहोचविला, ही नावे कोणत्याही अहवालात नाहीत. ती आपल्या आयांना आणि पत्नींना ठाऊक आहेत. आज घरी गेल्यावर त्यांच्यापुढे एक कोरी वही ठेवा, एवढीच विनंती. आणि त्या वहीत वाण्याची यादी लिहू नका.

ते दीड पान आम्ही आज मंडळाच्या संग्रही देत आहोत. अर्धे वाक्य अर्धेच ठेवले आहे. यादीही खोडलेली नाही.